एक हिवाळा कमी

६ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार वगैरे तू गृहीत धर, आज माझ्या हातून लिहिला जाणार नाही.

फोनच करणार होते. पण फोनवर मी आवाज चढवला की तू "इथे रेंज नाही गं" म्हणून ठेवून देतेस. पत्राला रेंज लागत नाही. कंपनीच्या टपालाच्या थैलीतून विमानाने येईल आणि तू ते शेवटपर्यंत वाचशील, कारण अर्धवट वाचलेला कागद तुला लहानपणापासून सहन होत नाही.

कालच्या बैठकीबद्दल लिहिते आहे, हे वेगळं सांगायला नको. माझे उड्डाणाचे तास भरलेत. परीक्षा झाल्या. उन्हाळ्यातली वादळं झाली, पावसाळा झाला, आडव्या वाऱ्यात उतरणं तर इतकं झालं की आता मी रस्त्यानेही तिरकी चालते. को-पायलटच्या उजव्या खुर्चीतून कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत जायला एक सही हवी होती. चष्मेवाले साहेब पेन उघडून बसले होते. आणि तू, प्रशिक्षणप्रमुख, माझी सख्खी बहीण, घसा साफ करून म्हणालीस, "यांचा धुक्याचा एकही पूर्ण हिवाळा नाही."

यांचा. मी 'यांचा' झाले.

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मागच्या हिवाळ्यात कुठे होता तुम्ही?" मी तुझ्याकडे बघितलं. तू समोरचे कागद सरळ करत होतीस, आणि ते आधीच सरळ होते. मग मीच म्हणाले, "घरगुती कारण."

ताई, ते घरगुती कारण तुझीही आई आहे. मागच्या हिवाळ्यात तिच्या फुप्फुसात पाणी झालं तेव्हा मी तुला फोन केला होता. तू म्हणालीस, "धुक्याचा सीझन आहे, कॅप्टन कमी आहेत, मला हलता येणार नाही." मी को-पायलट, मला हलता येत होतं. म्हणून मी बिनपगारी रजा टाकली, आधी दवाखान्यात आणि मग घरात तिच्या उशाशी बसले. तुझा हिवाळा भरला, माझा रिकामा गेला. आणि आता तूच बोट दाखवून सांगतेस की हिचा एक हिवाळा कमी आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

वर आणखी ऐक. उंचाडा, जो दारातून वाकून येतो तो, त्यालाही हिवाळा नव्हता. फुटबॉल खेळताना पाय मोडून घेतला आणि अख्खा सीझन प्लास्टर दाखवत कँटीनमध्ये बसला. त्याला तू सूट दिलीस. तो आज कॅप्टन आहे. म्हणजे स्वतःचा पाय मोडला तर चालतो, आईचा श्वास अडकला तर चालत नाही.

बरं. नियम तो नियम. मी धुक्याच्या तळावर बदली मागितली आहे. डोंगरामधल्या त्या खोलगट विमानतळावर पहिल्या धुक्यापासून शेवटच्या धुक्यापर्यंत राहीन. एक दिवस कमी करणार नाही, म्हणजे पुन्हा कुणाला घसा साफ करायला नको.

पण मग आईचं काय? तिला तिथल्या थंडीत नेता येत नाही. तिचा त्रास हिवाळ्यातच वाढतो, हे तुला ऐकून माहीत आहे, बघून नाही. कुणी बाई ठेवू असं म्हणू नकोस. मागे ठेवली होती, आईने तिला तिसऱ्या दिवशी चहा पाजून घरी पाठवलं.

तेव्हा आता तू ये. तुझाही एक हिवाळा कमी आहे, ताई. माझा मी भरते, तुझा तू भर.

धाकटी


२१ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर मिळालं. मी चार पानं लिहिली, त्यावर तुझी एक ओळ: "आले आहे. वाफेच्या यंत्राची वायर कुठे आहे?" वायर स्वयंपाकघरातल्या खालच्या खणात आहे, चमच्यांच्या मागे. तिथे का, असं विचारू नकोस. आई वस्तू अशा जागी ठेवते की तिच्याशिवाय सगळ्यांचं अडलं पाहिजे.

रजा काढून आलीस, भावोजींना एकटं सोडून आलीस, याबद्दल आभार मानावेत असं क्षणभर वाटलं. मग आठवलं की मला मागच्या वर्षी कुणी आभार पाठवले नव्हते. तेव्हा राहू दे.

इथे कंपनीच्या गेस्टहाउसमध्ये मला कोपऱ्यातली खोली मिळाली आहे. लोखंडी पलंग, एक हीटर, आणि खिडकीतून थेट धावपट्टीचं टोक. हीटर लावला की दिवा मंद होतो, म्हणून वाचायचं तर कुडकुडत वाचायचं. माझी जोडी 'सासूबाईं'बरोबर लावली आहे. ते पुरुष आहेत, मिशा आहेत, पण को-पायलट मंडळींनी हे नाव ठेवलं ते उगाच नाही. मी पट्टा बांधला तरी त्यात त्यांना काहीतरी चुकलेलं दिसतं. परवा म्हणाले, "तुमच्या ताई माझ्या हाताखाली शिकल्या. त्या एकदा सांगितलेलं लक्षात ठेवायच्या." मी म्हणाले, "हो, सोयीचं तेवढं."

आणि धुकं? धुक्याचा पत्ताच नाही. रोज लख्ख ऊन. ज्या धुक्यासाठी मला हाकललंस ते अजून गावी गेलेलं दिसतंय. मी इथे उन्हात बसून शेंगा सोलल्यासारखी दिवस मोजते आहे आणि तिकडे तू आईचे श्वास मोजते आहेस. तुला ते जमत असेल का, या विचाराने माझं डोकं उठतं.

म्हणून नीट वाच. एक, आई "मी बरी आहे" म्हणाली की ते हवामानखात्याच्या कालच्या अंदाजासारखं धर, ऐकायचं पण त्यावर निघायचं नाही. दुसरं म्हणजे ती वाक्य अर्धं सोडायला लागली की यंत्र लाव, विचारत बसू नकोस. आणि सकाळच्या उन्हाला भुलून खिडक्या सताड उघडू नकोस, ऊन दिसतं पण हवा बोचरी असते. बाकीचं मलाही लिहून सांगता येत नाही. ते बघून कळतं. जावं त्याच्या वंशा तेव्हा कळतं, ते असं.

धाकटी


१२ डिसेंबर

ताई,

धुकं आलं. आज आमचं विमान उतरायला गेलं आणि परत वर गेलं, मग शेजारच्या तळावर जाऊन थांबलं. नेहमीचंच, विशेष काही नाही. प्रवासी चिडले होते.

आईला सांग, मी ठीक आहे.

थैली निघते आहे म्हणून एवढंच.

धाकटी


१९ डिसेंबर

ताई,

हे पत्र फोनवर बोलून झाल्यावर लिहिते आहे. अक्षर वाईट आलं तर समजून घे. किंवा नको घेऊस.

तुझं पाकीट आज दुपारी मिळालं. तारीख सोळाची. तीन दिवस विमानच आलं नाही, थैली तिकडेच पडून राहिली. इतके दिवस एकेका ओळीची पत्रं पाठवणारी तू, पहिल्यांदाच पानभर लिहिलंस. आई खूश आहे, तुमचं आता जमतंय, दुपारी जुने फोटो बघत बसता. आणि शेवटी: "आज सकाळी तिने मला जवळ बसवून सांगितलं, माझे केस विंचर. लहानपणी ती आपले विंचरायची तसे मी तिचे विंचरले. इतक्या वर्षांनी तिने माझ्याकडे काही मागितलं. मला रडू आलं."

मलाही आलं असतं, ताई. पण मला त्या ओळीने घाम फुटला.

आई स्वतःचे केस कुणाला हात लावू देत नाही. ताप असो, सलाइन असो, ती स्वतः विंचरते. दुसऱ्याला सांगते ते एकाच वेळी, जेव्हा हात डोक्यापर्यंत नेण्याइतकाही श्वास तिच्यात उरत नाही. मागच्या वर्षी तिने मला असंच सांगितलं होतं. मीही लाडाने बसले होते, कंगवा हातात घेऊन. तिसऱ्या दिवशी तिला उचलून न्यावं लागलं. ते तुला लिहायचं राहून गेलं असं नाही, मला वाटलं होतं की हे कुणालाही कळेल. कुणालाही कसं कळेल? माझं मलाच पहिल्या वेळी कळलं नव्हतं.

फोन केला तर तू दबक्या आवाजात म्हणालीस, "हळू बोल, शांत झोपली आहे." मी ओरडले, "उठव तिला. नखं बघ. नखांचा रंग सांग." तू गेलीस. मग तुझा आवाज आला, "निळसर वाटतात गं." त्यानंतर फोन तसाच टेबलावर राहिला आणि मला नुसती पावलं ऐकू येत राहिली, आणि तू शेजारच्या काकूंना मारलेली हाक.

ती दवाखान्यात आहे, ऑक्सिजन लावला आहे, डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलंत, हे सगळं तुझ्या दुसऱ्या फोनवरून कळलं. मी तेव्हा बॅग भरत होते. तू म्हणालीस, "तू येऊ नकोस. तुझा हिवाळा तुटेल. मी आहे."

ताई, मला हे शब्द इतके झोंबले की सांगता येत नाही. गेला तो हिवाळा खड्ड्यात. तिला काही झालं असतं तर मी काय त्या हिवाळ्याची आरास करून ठेवली असती? पण येणार तरी कशी, हे भांडण वाया गेलं. दुपारचं विमान थैली टाकून लगेच परत गेलं होतं आणि आता खिडकीतून धावपट्टीचं टोकही दिसत नाही. रस्त्याने घाट बंद आहे. माझ्या नोकरीच्या धुक्याने मलाच कोंडून ठेवलंय.

तिच्याजवळच बस. खुर्चीवर नको, पलंगावर. पाठीला हाताचा आधार दे, तिला ते बरं वाटतं.

धाकटी


३ जानेवारी

ताई,

आई घरी आली हे वाचून जीव भांड्यात पडला. तिने फोनवर मला विचारलं, "तुझ्या ताईला वरण करपवता येतं, ते तुला माहीत होतं का?" पूर्ण वाक्य, मध्ये न थांबता. तेव्हा बरी आहे.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लिहिलंस, "बारा तारखेचं मला माहीत आहे. अहवाल माझ्याकडे आला. तू स्वतः सांगशील म्हणून थांबले." वा. म्हणजे मी इकडे तीन ओळींत अळीमिळी करून बसले आणि रजेवर असूनही तुझ्याकडे सगळं छापून आलेलं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली याचाही राग आला. तर ऐक माझ्या तोंडून.

विमान मी चालवत होते. तळाच्या बरोबर वर आलो तेव्हा खाली धावपट्टी स्वच्छ दिसत होती. दिवे, पांढरे पट्टे, उभी असलेली गाडीसुद्धा. धुक्याचा नुसता पातळ पदर. मी म्हणाले, "अहो, सगळं तर दिसतंय." सासूबाई "हं" म्हणाले. वळून, सरळ रेषेत येऊन, खाली उतरायला लागलो तोवर दिवे दिसत होते. नियमाप्रमाणे पुढे जायला हरकत नव्हती. आणि जमीन अगदी पायाखाली आली असताना सगळं नाहीसं झालं. वरून सरळ खाली बघताना पातळ असलेलं ते धुकं समोर तिरकं बघताना भिंत होतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. तरी माझा हात थांबला. मला वाटलं, आत्ता तर दिसत होती, पुन्हा दिसेल. किती वेळ वाटलं ते माहीत नाही. सासूबाई म्हणाले, "माझ्याकडे," ताबा घेतला आणि इंजिनं पूर्ण ताकदीवर नेऊन विमान वर काढलं. मागे एक बाई जोरात रडत होती, ते दारातून ऐकू येत होतं.

खाली उतरल्यावर मला वाटलं आता आरती होणार. पट्ट्यावरून बोलणारा माणूस. पण त्यांनी कागदी कपात चहा आणून दिला आणि म्हणाले, "पहिल्या हिवाळ्यात सगळ्यांना दिसते ती धावपट्टी." एवढंच. मी तो चहा पिऊ शकले नाही.

तेव्हा मला हिवाळा हवा होता, हे खरं. डाव्या खुर्चीत मी असते आणि शेजारी माझ्याइतकाच कच्चा कुणी असता, तर आज हे पत्र लिहायला मी नसते. आता झालं समाधान?

पण माझं भांडण त्यावर कधीच नव्हतं, ताई. हिवाळा हवा होता, मान्य. तो माझा का बुडाला, हे तू त्या खोलीत बोलली नाहीस. कागद सरळ करत बसलीस. त्याचं उत्तर तुझ्या एकाही पत्रात नाही. ते दे. आणि उंचाड्याचंही दे.

धाकटी


२४ जानेवारी

ताई,

उत्तर मागितलं आणि तू दिलंस, आणि आता मला वाटतंय की न मागितलं असतं तर बरं झालं असतं.

तू लिहितेस, "त्याला सूट दिली कारण तो माझा कोणी नाही. तुला देताना माझा हात चालेना. तुझं विमान डोळ्यांसमोर यायला लागलं."

मी हे वाक्य वाचलं आणि आधी मूर्खासारखी रडले. मग तोंड धुतलं, आणि मग असा संताप आला की खोलीत हीटर लावायची गरज उरली नाही.

तो तुझा कोणी नाही. ठीक. त्याच्या मागे रोज विमान भरून माणसं बसतात, ती कुणाची कोणीच नाहीत का? त्या रडणाऱ्या बाईचं कुणी मोठं बहीणभाऊ प्रशिक्षणप्रमुख नव्हतं, म्हणून तिने काय करायचं? तू माझ्यावर अन्याय केलास असं मी अडीच महिने ओरडते आहे. खरा अन्याय तू माझ्यावर नाहीच केलास, माझ्यावर तू माया केलीस, तीही लपूनछपून, कुणाला कळू न देता, मलासुद्धा. अन्याय त्यांच्यावर केलास जे उंचाड्याच्या मागे डोळे मिटून बसतात. सही करताना तुला फक्त आपलं माणूस दिसलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे घरात ठीक आहे गं. तुझ्या टेबलावर नाही.

मला बोलायचा काय अधिकार, असं म्हणशील. बारा तारखेपासून आहे.

त्याला परत बोलावून इकडे पाठव. आत्ता, या हिवाळ्यात. तो चिडेल, कॅप्टनला परत उजव्या खुर्चीत बसवता म्हणून आकाशपाताळ एक करेल, साहेब तुला विचारतील की तेव्हा झोपली होतीस का. विचारू देत. हो म्हण.

आईची नखं रोज बघतेस ना?

धाकटी


१८ फेब्रुवारी

ताई,

उंचाडा काल आला. दार त्याच्या कपाळाला लागलं आणि त्याने दाराला शिवी दिली, मग कंपनीला, मग तुला. मी शेजारी उभी आहे हे लक्षात आल्यावर म्हणाला, "सॉरी, तुमच्या ताई आहेत नाही का." मी म्हणाले, "चालू द्या, मीही तीन महिने हेच करते आहे."

तुला साहेबांसमोर उभं राहून चूक कबूल करावी लागली, असं सासूबाईंकडून कळलं. तू लिहिलं नाहीस. तुझं हे न लिहिणं मला कळेनासं झालंय, चांगलं करतेस तेही दडवतेस आणि वाईट करतेस तेही.

एक सांगायचं होतं. परवा आम्ही दुसऱ्या तळावर मुक्कामाला होतो, सकाळी इकडे यायचं होतं. प्रवासी बसलेले. इकडून निरोप आला की धुकं विरळ होतंय, निघा, पोचेपर्यंत सूर्य वर येईल आणि साफ होईल. दुसऱ्या कंपनीचं विमान निघालंसुद्धा. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "थांबू या. आता उजाडेल. उजाडलं की आधी दाटतं, मग उठतं."

हे मला कुणी शिकवलं नाही. कोपऱ्यातल्या खोलीच्या खिडकीने शिकवलं. रोज सकाळी दात घासताना बघते, सूर्याचा पहिला उजेड पडला की खालची हवा जराशी ढवळते आणि धावपट्टीचं जे टोक अंधारात दिसत होतं ते उजेडात नाहीसं होतं. सगळ्यांना वाटतं उजेड आला म्हणजे सुटलो. उजेडाची पहिली घटका सगळ्यात वाईट असते.

थांबलो. प्रवाशांनी मला काय काय म्हटलं ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. एका काकांनी विचारलं की बाई, तुम्हाला भीती वाटत असेल तर दुसऱ्या कुणाला बोलवा. मी म्हणाले, "वाटते म्हणूनच मला बसवलंय." दुसऱ्या कंपनीचं विमान इकडे घिरट्या घालून तिसऱ्याच गावी गेलं. आम्ही उशिरा निघालो आणि कोरड्या, लख्ख धावपट्टीवर उतरलो. उतरताना त्या काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

सासूबाईंनी पट्टा सोडला, टोपी घातली आणि म्हणाले, "बरं." या सबंध हिवाळ्यात त्यांच्या तोंडून आलेला हा पहिला चांगला शब्द. मी तुला तो कळवते आहे, कारण दुसऱ्या कुणाला त्याची किंमत कळणार नाही.

धाकटी


३० मार्च

ताई,

तू काल बैठकीतून तशीच आईकडे निघून गेलीस आणि मी इकडे सामान आवरायला आले, म्हणून बोलणं झालं नाही. झालं असतं तरी मला जमलं नसतं. लिहिते.

तीच खोली, तीच माणसं, साहेबांचं तेच पेन. त्यांनी माझे तास बघितले, सासूबाईंचा अहवाल बघितला, आणि मग पान मागे उलटून पुन्हा तोच प्रश्न, "गेल्या वर्षीचा हिवाळा इथे मोकळा दिसतो. त्याचं कारण काय होतं?" मी तोंड उघडलं. 'घरगुती कारण' एवढेच दोन शब्द जिभेवर तयार होते.

तू म्हणालीस, "आमची आई आजारी होती. तिच्याजवळ मी असायला हवं होतं. मी गेले नाही, म्हणून ही गेली. ही जागा तिच्या नावाने मोकळी आहे, पण चूक माझी आहे."

'ही' म्हणालीस. 'या' नाही.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मला काय करावं ते कळेना, म्हणून मी समोरचे कागद सरळ करत बसले. आता कळलं तू तेव्हा ते का करत होतीस. तरी मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. पाच महिन्यांचा राग आहे, तो एका वाक्यात उतरत नाही. पण तो आता माझ्या उशाशी झोपत नाही, एवढं सांगते.

डाव्या खुर्चीत पहिल्यांदा पुढच्या सोमवारी बसेन. आईला आधी मीच सांगणार, तू सांगू नकोस.

आता तुझ्या चिठ्ठीचं. काल जाताना माझ्या हातात कोंबलीस ती. "पुढच्या हिवाळ्यातही मी आईकडे येऊ का? माझा एकच झाला, आणि तोही कच्चा. अर्धा दवाखान्यात गेला. मला तिचा एक पूर्ण हिवाळा हवा आहे."

विचारतेस काय? ये. पण पूर्ण म्हणजे पूर्ण. पहिल्या थंडीपासून शेवटच्या थंडीपर्यंत. कॅप्टन कमी आहेत, मीटिंग आहे, भावोजींना सर्दी झाली, काही चालणार नाही. इथे सूट मिळत नाही, आणि बैठकीत मी एकटीच बसते.

वायर चमच्यांच्या मागेच राहील. खिडक्या उन्हाला भुलून उघडायच्या नाहीत. आणि आईने जवळ बसवून केस विंचरायला सांगितलं, तर आधी नखं बघ. गुलाबी असली तर मात्र सावकाश विंचर, गुंता ओढू नकोस. आणि मला लगेच फोन कर. तेवढा एक दिवस मला बघायचा आहे.

धाकटी